पाण्याची नाडी कोणाच्या हाती?

मत्स्यशेती हा वरवर पाहता शांत व्यवसाय. परंतु त्यात घात होतो तो बहुधा रात्री. दिवसा तळ्यातील सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारा गाळ असे सारेच तो वापरू लागतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडण्यापूर्वी. लिटरमागे तो ५ मिलिग्रॅमच्या वर असणे इष्ट. ३ च्या खाली उतरला की कटला, रोहू यांसारखे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. मालक तळ्यावर पोचेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

मुळशीसारख्या सह्याद्रीलगतच्या तालुक्यात ही चिंता अधिक आहे. पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही, मग दिवसाही प्राणवायूची भर अपुरी पडते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात ५५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अशा पावसात डोंगरावरची माती थेट तळ्यात उतरते. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणल्यापासून शेततळ्यात मासे सोडण्याचा विचार अनेक शेतकऱ्यांनी केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय झाल्याने या विचाराला बळ मिळाले आहे.

याच वेळी पाण्याचे मोजमाप करणारी डिजिटल यंत्रे बाजारात आली आहेत. पाण्यात सोडलेला संवेदक तापमान, आम्लता आणि प्राणवायू यांची नोंद सतत करीत राहतो. प्राणवायू ठरलेल्या मर्यादेखाली गेला की मालकाच्या मोबाइलवर इशारा येतो, इतकेच नव्हे तर पाणी घुसळणारे एअरेटरही आपोआप सुरू करता येते. खाद्यावर मत्स्यशेतीच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. पाण्याची स्थिती पाहून खाद्य बेताने दिले तर पैसाही वाचतो आणि उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनियाचा उपद्रवही टळतो. हा लाभ खरा आहे. केवळ ते यंत्र आहे म्हणून त्याला नाक मुरडणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु यंत्र पाण्यात बुडवले म्हणजे ते सदैव खरेच बोलेल असे नाही. संवेदकावर शेवाळ चढते आणि आकडा हळूहळू खोटा होऊ लागतो. तो नियमित पुसावा लागतो, प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहावा लागतो. वादळी रात्री वीज गेली, डोंगराआड मोबाइलचा संदेश पोचला नाही, तर नेमक्या गरजेच्या वेळी यंत्र मुके होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, यंत्र आहे म्हणून तळ्यावर फेरी मारण्याची सवयच मोडली, तर पाण्याचा रंग आणि वास ओळखणारी अनुभवी नजरही आपण गमावू.

याहून खोल प्रश्न नोंदीच्या मालकीचा आहे. तळे शेतकऱ्याचे, मासे त्याचे, कर्जही त्याचेच. मग त्या पाण्याचा इतिहास दूरच्या कंपनीच्या संगणकात का राहावा? वर्गणी थकली की नोंदी बंद होणार का? मासे कधी तयार होतील आणि कधी संकटात आहेत हे व्यापाऱ्याला आधी कळले, तर भाव कोण ठरवील?

मुळशीत हा प्रश्न नवा नाही. टाटांच्या वीजयोजनेविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. धरण झाले आणि त्याचे पाणी पश्चिमेकडे भिरा येथील वीजकेंद्राकडे वळले. जमीन गमावलेल्यांना त्या पाण्याच्या हिशेबात स्थान नव्हते. पाणी मोजले जाणे आणि त्या मोजमापावर लोकांचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या तालुक्याने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

उपाय अशक्य नाहीत. नॉर्वेत सागरी पिंजऱ्यांतील सामन माशांवरील परोपजीवी उवांची गणना मत्स्यशेतकऱ्यांना नियमितपणे शासनाला कळवावी लागते आणि ती माहिती सर्वांसाठी खुली असते. आपल्याकडेही यंत्रावर सार्वजनिक पैसा खर्च होणार असेल, तर काही अटी आधीच घालाव्यात. नोंदी शेतकऱ्याच्या मालकीच्या असाव्यात आणि त्या त्याला मराठीत, कागदावर उतरवून घेता याव्यात. अनुदान केवळ खरेदीला नव्हे, तर देखभालीलाही मिळावे. यंत्रे शक्यतो सहकारी संस्थेमार्फत घ्यावीत, म्हणजे एक प्रशिक्षित तरुण अनेक तळी सांभाळू शकेल. प्राणवायू मोजण्याची साधी रासायनिक पद्धत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत शिकवली जाते; शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा गावच्या तळ्यावर जाऊन यंत्राचा आकडा तपासला, तर विज्ञान पुस्तकाबाहेर येईल आणि शेतकऱ्याला निःपक्षपाती साक्षीदार मिळेल.

यंत्राने पहाटेचा इशारा जरूर द्यावा. पण त्या इशाऱ्याचा अर्थ लावण्याचा आणि त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार ज्याचे मासे त्या पाण्यात आहेत त्याच्याच हाती राहिला पाहिजे. एवढी दक्षता यंत्रे घेण्यापूर्वीच बाळगली, तर पुढे पश्चात्तापाची वेळ येणार नाही.