हजार वर्षांचा हिशेब

रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर ७८६ हा आकडा तुम्ही पाहिलाच असेल. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. अलिफचा एक, बेचे दोन, असे. ‘बिस्मिल्ला’च्या संपूर्ण वचनातील अक्षरांची बेरीज केली की ७८६ येतात. या पद्धतीला अब्जद म्हणतात. फारसी-उर्दूतले जुने कवी कुणाच्या मृत्यूचे साल एखाद्या ओळीत असे लपवून ठेवत. त्यामुळे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात ६६६ हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा तो मला परका वाटला नाही.

‘प्रकटीकरण’ हे त्या पुस्तकाचे नाव. पात्म बेटावर असलेल्या योहानाने पाहिलेला हा दृष्टांत. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला असे मानतात. समुद्रातून वर येणारे सात डोक्यांचे श्वापद, चार घोडेस्वार, स्वर्गातून खाली उतरणारे नगर! त्या श्वापदाची संख्या ६६६. आता ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा आणि बेरीज करा, बरोबर ६६६ येतात. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे. नावातला शेवटचा ‘न’ गाळला तर त्याचे ५० वजा होऊन तेही जुळते. म्हणून एक पक्ष म्हणतो, की हे भविष्य फार पूर्वीच घडून गेले. रोमच्या जुलमाखाली भरडल्या जाणाऱ्या माणसांना धीर देण्यासाठी सांकेतिक भाषेत लिहिलेले ते पत्र होते. कवी म्हणून मला हा पक्ष जवळचा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो.

पण सगळ्यांना तसे वाटत नाही. ख्रिस्त पुन्हा येणार, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार, यावर जवळपास सर्व चर्चचे एकमत आहे. हजरत ईसा कयामतीपूर्वी परत येतील आणि दज्जालचा अंत होईल, असे आम्हीही मानतो. मतभेद आहेत ते ‘कधी’ आणि ‘कसे’ यावर. आणि त्याचे मूळ आहे प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात. सैतानाला हजार वर्षे बांधून ठेवले जाईल आणि ख्रिस्त आपल्या लोकांसह राज्य करील, असे तिथे म्हटले आहे. ही हजार वर्षे कोणती?

पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने सांगितले, की हा आकडा मोजायचा नसतो. चर्चचा चालू काळ म्हणजेच ती हजार वर्षे. कॅथॉलिक परंपरा साधारणपणे याच वाटेने गेली. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्ससारख्या धर्मोपदेशकांनी वेगळे मांडले. प्रार्थना, शिक्षण, धर्मप्रसार यांतून जग सुधारत जाईल, सुखाचे युग येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. या आशेच्या वातावरणात वाढलेले अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनमधल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनी १८१८ मध्ये साऱ्या जगाच्या धर्मांतरावर पुस्तकच लिहिले. त्यांनी इथे शाळा काढल्या, छापखाना काढला. १८४२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरहून सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ही याच मिशनचे. मराठी मुलांच्या हाती पडलेल्या काही पहिल्या छापील पुस्तकांमागे हा हजार वर्षांचा हिशेब होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्याच सुमाराला न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टन गावी विल्यम मिलर नावाचा शेतकरी वेगळाच हिशेब करीत होता. माणूस १८१२ चे युद्ध लढून आलेला, आधी धर्माविषयी साशंक, नंतर कट्टर श्रद्धाळू. जवळ बायबल आणि त्यातल्या शब्दांची सूची, बस्स. दानीएलाच्या पुस्तकात २,३०० संध्याकाळ-सकाळींनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे वाक्य आहे. मिलरने एका दिवसाचे एक वर्ष धरले. पर्शियाच्या राजाने यरुशलेमबाबत काढलेल्या हुकमाचे साल धरले इसवी सनापूर्वी ४५७. उत्तर आले १८४३. पुढे ध्यानात आले, की इसवी सनाला शून्य वर्षच नाही, म्हणून १८४४. मिलर स्वतः नेमका दिवस सांगायला कचरत होता. तो दिला त्याच्या चळवळीतल्या सॅम्युएल स्नो याने: २२ ऑक्टोबर १८४४.

हजारो माणसांनी विश्वास ठेवला. काहींनी दुकाने बंद केली. काहींनी बटाटे जमिनीतच राहू दिले. कापणी कुणासाठी करायची? लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर जाऊन बसले, असे वर्तमानपत्रांनी छापले. पण पुढच्या अभ्यासकांना त्याला आधार सापडला नाही. थट्टा करणाऱ्यांनाही दंतकथा लागतात. दिवस गेला, रात्र गेली. हायरम एडसन या अनुयायाने आपण पहाटेपर्यंत रडलो, असे पुढे लिहून ठेवले. इतिहासात याला ‘महान निराशा’ म्हणतात. शेजारी विचारत, अरे, तू अजून इथेच?

आता खरी गंमत व्याख्येची आहे. पुष्कळ जण आपापल्या जुन्या चर्चकडे परतले. काही नव्या तारखा काढत बसले. एडसन आणि त्याचे सोबती मात्र म्हणाले, तारीख बरोबर होती, घटना चुकली. ते पवित्रस्थान पृथ्वीवरचे नव्हे, स्वर्गातले. या विचारातून १८६३ मध्ये सेवन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. शनिवारी शब्बाथ पाळणारे हे लोक. पुण्यातल्या औंधची स्पायसर ही संस्था त्यांचीच. ते आता तारीख सांगत नाहीत. मिलर १८४९ मध्ये वारला. ख्रिस्त लवकरच येणार ही त्याची श्रद्धा शेवटपर्यंत टिकली.

तिसरा पक्ष जॉन नेल्सन डार्बीचा. त्याच्या मते जग सुधारणार नाही, बिघडतच जाणार. आधी खरे विश्वासणारे अचानक ढगांत उचलले जातील, मग सात वर्षांचे महासंकट, मग ख्रिस्ताचे राज्य. ही मांडणी एकोणिसाव्या शतकातली. ती पसरली १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमुळे. वर मूळ वचन, खाली टीप. पुष्कळ वाचकांच्या मनात दोन्हींतली रेघ पुसली गेली. पुढे दोन महायुद्धांनी ‘जग सुधारते आहे’ म्हणणाऱ्यांचा आवाज बसला. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले, १९६७ मध्ये पूर्व जेरुसलेम त्याच्या ताब्यात आले. डार्बीच्या अनुयायांना वाटले, घड्याळ चालू झाले. ‘लेफ्ट बिहाइंड’ ही १९९५ पासूनची कादंबरीमाला याच कल्पनेवर अमाप खपली.

कादंबरीपर्यंत ठीक होते. पण त्या भूमीत माणसे राहतात, आणि त्यांत ख्रिस्ती माणसेही आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची. अमेरिकेतल्या भाविकाला जी जमीन भविष्यवाणीची खूण वाटते, ती बेथलेहेमच्या शेतकऱ्याची ऑलिव्हची बाग असते. व्याख्येचा वाद इथे सातबाराचा वाद होतो. ऑगस्ट २००६ मध्ये जेरुसलेममधल्या लॅटिन कॅथॉलिक, सिरियन ऑर्थोडॉक्स, एपिस्कोपल आणि ल्युथरन या चार चर्चच्या प्रमुखांनी संयुक्त पत्रक काढून ही शिकवण नाकारली. प्रेम, न्याय आणि समेट या बायबलच्या संदेशाचा तिने विपर्यास होतो, असे त्यांनी म्हटले. त्यांच्या बहुतेक भाविकांची भाषा अरबी आहे, आणि प्रार्थनेत देवाला ते ‘अल्ला’च म्हणतात.