भर उन्हातली झोप

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपचे एक्स्ट्रूडर रात्रंदिवस चालतात. तापलेल्या बॅरलमध्ये पीव्हीसी थांबून राहिले तर करपते, मग मशीन खोलून साफ करण्यात वेळ आणि माल दोन्ही जातात. तेव्हा रातपाळीच बंद करा म्हणण्यात अर्थ नाही. पण सकाळी सुटलेला कामगार झोपणार कुठे आणि किती, याचा विचार पाळ्यांचा तक्ता लावताना सहसा होत नाही. माझ्या मते कारखान्यातली सुरक्षितता तिथूनच सुरू व्हायला हवी.

झोप लागायला शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. रात्री ते आपोआप उतरते, दिवसा चढते. म्हणून रातपाळीनंतरची दिवसाची झोप एक ते चार तासांनी तोकडी पडते. खानदेशात त्यात मे महिन्याच्या ४४-४५ अंशांची भर. जुन्या धाब्याच्या घरात मातीचे जाड छत ऊन अडवायचे. आजच्या पत्र्याच्या खोलीची सकाळी अकरालाच भट्टी होते. कूलर लावावा तर त्याला पाणी हवे. धुळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि ते आले की झोप मोडून भांडी भरावीच लागतात.

सवय होते, असे सुपरवायझर सांगतात, काही कामगारही सांगतात. पण वर्षानुवर्षे रातपाळी करूनही शरीराचे घड्याळ पूर्ण उलटे झालेले लोक फार थोडे. घरी जाताना डोळ्यांवर पडणारे ऊनच ते पुन्हा दिवसाकडे वळवते. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची तत्परता रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी घटते, हे १९९७च्या एका प्रयोगात दिसले. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. दुपारी बाराला उठलेला कामगार पहाटे पाचला याच अवस्थेत मशीनसमोर असतो आणि नंतर मोटारसायकलवरून हायवेने घरी जातो. तक्ता बदलून फरक पडतो, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत युटातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमाने फिरत. त्या फर्स्ट, सेकंड, नाइट अशा सुलट्या केल्या आणि बदल तीन आठवड्यांनी ठेवला, तेव्हा कामगारांचे समाधान वाढले आणि उत्पादनही. हा अभ्यास १९८२चा.

ओव्हरटाइम कामगारालाच हवा असतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पगार पुरत नाही म्हणून तो डबल ड्युटी मागतो. ती त्याची निवड म्हणून हात झटकता येत नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच असल्याने सुट्ट्या वाढतील, हे मान्य. पण रात्री आठ ते सकाळी आठ काम करून नशिराबादला पोचणाऱ्याच्या वाट्याला झोपेसाठी नेमकी नऊ ते पाच हीच वेळ उरते. एप्रिल ते जून तरी खानदेशात बारा तासांची रातपाळी लावू नये. आणि १५०हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना १९४८च्या कारखाना कायद्याने विश्रांतीची खोली सक्तीची केलीच होती. तिथे कूलर आणि चार खाटा टाकल्या, तर पेंगुळलेल्या माणसाला तासभर पडून मग गाडी काढता येईल.