वाढत्या अंगाला न चालणारा कपडा

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, असा आपल्या घरांतून जुना संकेत आहे. गणवेष दोन वर्षे पुरावा, पुढे धाकट्या भावंडाला व्हावा, ही काटकसर रास्तच होय. परंतु हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींचा एक कपडा असा आहे की, त्याला हा संकेत लागू पडत नाही. सदरा व अर्धी विजार यांच्या आत घालावयाचा, ताणला जाणारा, अंगाला घट्ट बसणारा हा कपडा दुकानांतून ‘कॉम्प्रेशन’ या नावाने मिळतो. सुंदरगड असो, सिमडेगा असो की जालंधर, आपले अपत्य हॉकी खेळत असेल तर एके दिवशी ते याची मागणी करील. त्या वेळी काय पाहावे, हे आधीच जाणून घेतलेले बरे.

आपल्या आजोबांच्या पिढीला या कपड्याची गरज का भासली नाही? १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे भारताने हॉकीचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले ते हिरवळीवर. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळला गेला. तेव्हापासून चेंडूची गती वाढली आणि पडण्याचे स्वरूपही पालटले. गवतावर घसरले तर विजारीला हिरवा डाग पडे. कृत्रिम मैदानावर मांडीची व कोपराची कातडी सोलून निघते. शिवाय वाकून धावताना घामाने ओल्या झालेल्या मांड्या एकमेकींवर घासतात. कातडीचे हे रक्षण हाच या कपड्याचा पहिला आणि खात्रीचा उपयोग आहे.

कापड निवडताना सुताचा मोह टाळावा. एरवी उन्हाळ्यात सुती कपड्यासारखे सुख नाही. पण सूत घाम शोषून धरून ठेवते, जड होते आणि अंगाला चिकटते. पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडा ताणणारा इलॅस्टेन धागा मिसळलेले पातळ कापड घाम बाहेरच्या बाजूस पसरविते व लवकर वाळते. कपडा उलटा करून शिवण बोटाने चाचपावी. ती सपाट असावी. उंच शिवण तासाभरात कातडीला काचते.

आता मापाविषयी. वय सांगून कपडा घेऊ नये. कंबर व मांडी टेपने मोजावी. मग मुलाला तो घालून पूर्ण उकिडवे बसावयास आणि चेंडू अडविताना वाकतात तसे वाकावयास सांगावे. कपडा गोळा होऊन वर सरकला तर तो सैल आहे. मुंग्या आल्या, श्वास अडला किंवा काढल्यानंतर खोल वळ बराच वेळ राहिले तर तो फार घट्ट आहे. दोन्ही प्रकारचा कपडा दुकानीच ठेवावा. अंग वाढले की हा कपडा बदलावा लागतो, हे आधीच हिशेबात धरावे.

तो घातल्याने वेग वाढतो, असे विक्रेता सांगेल. संशोधनातून तसा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. खेळानंतरची स्नायूंची ठणक काहींना थोडी कमी जाणवते, इतकेच म्हणता येते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी योग्य बूट, शिनगार्ड व दातांसाठी माउथगार्ड घ्यावे. त्यांची जागा हा कपडा घेऊ शकत नाही.

ऋतूही पाहावा. पंजाबातील पौषाच्या पहाटे पूर्ण बाह्यांचा व घोट्यापर्यंतचा कपडा उपयोगी पडतो. वैशाखातील सरावाला मात्र गुडघ्याच्या वरपर्यंतचाच पुरे. अंग जितके झाकलेले, तितकी उष्णता बाहेर पडण्यास अडचण. चक्कर किंवा मळमळ वाटू लागल्यास खेळ तत्काळ थांबवून मुलाला सावलीत न्यावे, घट्ट कपडे काढावे, अंगावर पाणी मारावे, शुद्धीवर असल्यास पाणी पाजावे. ते बरळू लागले वा त्याची शुद्ध हरपली तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

सराव संपताच ओला कपडा काढावा. तो पिशवीत तसाच राहिला तर दुर्गंधीबरोबर गजकर्णासारख्या त्वचारोगांनाही वाव मिळतो. म्हणूनच तो दुसऱ्याला वापरावयास देऊ नये. थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पिळवटू नये, सावलीत वाळवावा. कढत पाणी व इस्त्री यांनी ताणणारा धागा निकामी होतो. रोज सराव असल्यास दोन जोड ठेवावेत.

खरी परीक्षा मैदानावरच होते. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव खेळताना मुलाचा हात एकदाही विजारीकडे गेला नाही, तर आपली निवड योग्य झाली असे समजावे.