चकतीवर कुणाची धूळ?

पाणीपुरीच्या पुरीएवढी, पांढरीशुभ्र टेफ्लॉनची चकती. सकाळी यंत्रात बसवायची, मिनिटाला १६.७ लिटर हवा तिच्यातून ओढायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची. तोवर २४ घनमीटर हवा गाळली गेलेली असते, चकती करडी पडलेली असते. हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या २४ तासांच्या मर्यादेइतके सूक्ष्म कण (पीएम २.५) असतील, तर चकतीवरचा ऐवज दीड मिलिग्रॅमही भरत नाही. गेल्या दोन दशकांत आपल्या शहरांच्या हवेचं जे नेमकं कळलं, ते बरंचसं या एवढ्याशा ऐवजातून.

त्याआधी बहुतेक ठिकाणी धूळ नुसती तोलली जाई. किती, ते कळे. कुणाची, ते नाही. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळुरू आणि कानपूर या सहा शहरांचा अभ्यास करवून घेतला. मुंबई नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे होती, पुणे एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे. अहवाल २०११ मध्ये आला. तपास दोन्ही टोकांकडून झाला. एकीकडे वाहनं, बेकऱ्या, भट्ट्या, स्मशानं, उखडलेले रस्ते यांची मोजदाद. दुसरीकडे चकतीवरून उलटा माग. सिलिकॉन, ॲल्युमिनियम दिसलं की माती. व्हॅनेडियम आणि निकेल एकत्र दिसले की जहाजांचं नि बॉयलरांचं जड तेल. लेव्होग्लुकोसान सापडलं की लाकूड-पालापाचोळा, कारण ते सेल्युलोज जळूनच तयार होतं.

चकतीवरच्या घटकांवरून प्रत्येक स्रोताचा वाटा काढायची समीकरणं अमेरिकेत १९७०च्या दशकातच मांडली गेली होती, पण त्यांत घालायचे ठसे, म्हणजे कुठल्या स्रोताच्या कणांत कुठला घटक किती, ते तिकडचे चालणार नव्हते. आपल्या चुलीत गोवऱ्या जळतात. म्हणून वाहनांच्या धुराचे ठसे एआरएआयने घेतले, बाकीच्या स्रोतांचे आयआयटी मुंबईने. त्या अभ्यासातलं सगळ्यात टिकाऊ काम मला हेच वाटतं.

मोजदाद आणि माग यांचं मात्र जुळेना. आयआयटी कानपूरच्या २०१६च्या दिल्ली अहवालात हे लख्ख दिसलं. पीएम २.५च्या मोजदादीत रस्त्यावरची धूळ ३८ टक्के भरली. हिवाळ्यातल्या चकत्यांवर मात्र जवळपास ३० टक्के वाटा निघाला तो कुठल्याच धुरांड्यातून थेट न आलेल्या कणांचा. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अमोनिया यांच्यापासून हवेतच जन्मलेले अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट. नुसत्या मोजदादीत त्यांना जागाच नव्हती.

२०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, पण शहरांची प्रगती जोखली गेली ती पीएम १०वर, म्हणजे जाडसर धूळही धरणाऱ्या मापावर. पैसाही तिकडेच वळला: सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या (सीएसई) २०२४च्या अहवालानुसार खर्चापैकी ६४ टक्के रस्त्याच्या धुळीवर आणि उद्योगांवर एक टक्काही नाही. एवढं कळल्यानंतरचा हा हिशेब बघून जीव तुटतो. पाण्याचे फवारे मारून रस्त्यावरची धूळ बसते. सल्फेट रोखायचं तर कोळशाच्या धुरांड्यांपर्यंत जावं लागतं, आणि ती पुष्कळदा महापालिकेच्या हद्दीबाहेर असतात.