स्पोर्ट मोटारसायकल : एंजिन केवढे असावे?

मोटारसायकल विकत घेण्यास निघालेला तरुण दुकानात शिरला, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती सी.सी.ची?’ हाच असतो. पुष्कळदा हा आकडा वाहनाच्या नावातच गोवलेला असतो. मित्रमंडळीत त्यावरून वाहनाची, आणि कधी कधी ते चालविणाऱ्याचीही, योग्यता ठरविली जाते. शर्यतीच्या यंत्रांच्या धर्तीवर बांधलेल्या आणि चालकाला पुढे झुकून बसावयास लावणाऱ्या स्पोर्ट मोटारसायकलींच्या बाबतीत तर हा आकडा प्रतिष्ठेचाच विषय होऊन बसतो.

हा आकडा वस्तुतः काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे ही केवळ यंत्रशास्त्राची जिज्ञासा नव्हे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक माणसे दुचाकीवरील होती. अयोग्य एंजिनाची निवड केल्यास पैशाचे नुकसान तर होतेच, परंतु प्रसंगी ती प्राणावरही बेतते.

घनमान म्हणजे काय?

सी.सी. म्हणजे घन सेंटिमीटर. एंजिनातील सिलिंडर हा धातूचा पोकळ नळा असून त्यात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वरखाली सरकत असतो. अगदी वरच्या स्थानापासून अगदी खालच्या स्थानापर्यंत जाताना दट्ट्या जेवढी जागा मोकळी करतो, तेवढे त्या सिलिंडरचे घनमान होय. दट्ट्याच्या या प्रवासाला ‘धाव’ असे म्हणतात. सिलिंडरचा व्यास आणि धाव ही दोन मापे ठाऊक असली, की घनमान शाळेतील गणितानेच काढता येते.

पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी आणि २०१४ साली भारतात विक्रीस आलेली केटीएम आरसी ३९० ही मोटारसायकल उदाहरणादाखल घेऊ. तिच्या मूळ एंजिनात सिलिंडर एकच होता. त्याचा व्यास ८९ मिलिमीटर व धाव ६० मिलिमीटर होती. व्यासावरून वर्तुळाचे क्षेत्रफळ ६२.२ चौरस सेंटिमीटर येते. त्यास धावेच्या ६ सेंटिमीटरांनी गुणले असता घनमान सुमारे ३७३ घन सेंटिमीटर निघते. अर्थात नावातील ३९० हा आकडा म्हणजे काटेकोर मोजमाप नव्हे, हेही त्याबरोबरच लक्षात येते.

घनमान जितके अधिक, तितके हवा व पेट्रोल यांचे मिश्रण एका खेपेस सिलिंडरमध्ये अधिक मावते. ते जळाले म्हणजे दट्ट्यावर पडणारा रेटाही अधिक असतो. या रेट्यामुळे एंजिनाच्या फिरत्या दांड्याला जी पिरगळ मिळते तिला ‘पीळ’ किंवा टॉर्क म्हणतात. सी.सी.चा आकडा मुख्यतः या पिळाचा अंदाज देतो. एंजिनाच्या शक्तीचा अंदाज मात्र तो एकटा देऊ शकत नाही.

फेऱ्यांचा हिशेब

शक्ती म्हणजे ठरावीक वेळात होणारे कार्य. एंजिनाची शक्ती पीळ आणि फेऱ्यांची गती यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. सारखाच पीळ देणाऱ्या दोन एंजिनांपैकी एक दुप्पट वेगाने फिरत असेल, तर त्याची शक्तीही दुप्पट होईल.

२०२३ साली नव्या एंजिनासह आलेली रॉयल एन्फील्ड बुलेट ३५० ही काही स्पोर्ट मोटारसायकल नव्हे, परंतु तुलनेसाठी ती फार उपयोगी आहे. तिच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, धाव ८५.८ मिलिमीटर आणि घनमान ३४९ सी.सी. आहे. मिनिटाला ६,१०० फेरे होत असताना हे एंजिन सुमारे २० अश्वशक्ती देते. वर उल्लेखिलेले ३७३ सी.सी.चे एंजिन मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांवर ४३ अश्वशक्तीच्या आसपास पोहोचते. घनमानातील फरक केवळ २४ सी.सी.चा, परंतु शक्ती दुपटीहून अधिक!

याचे मर्म धावेत आहे. दट्ट्या फार वेगाने सरकू लागला, तर त्याच्या भागांवर पडणारा ताण झपाट्याने वाढतो. म्हणून दट्ट्याच्या सरासरी वेगाला एक व्यावहारिक मर्यादा असते. बुलेटचा दट्ट्या ६,१०० फेऱ्यांवर सेकंदाला सरासरी १७.४ मीटर वेगाने सरकतो, तर केटीएमचा ९,००० फेऱ्यांवर १८ मीटर वेगाने. हे दोन्ही वेग जवळजवळ सारखेच आहेत. धाव आखूड असल्यामुळे दुसरे एंजिन तेवढ्याच वेगात अधिक फेरे पुरे करते. रुंद सिलिंडर, आखूड धाव आणि पुष्कळ फेरे हे स्पोर्ट एंजिनाचे लक्षण होय.

तेच घनमान अनेक सिलिंडरांत विभागले, तर प्रत्येक दट्ट्या लहान व हलका होतो आणि फेरे आणखी वाढविता येतात. यामाहा आर६ च्या २००६ सालापासूनच्या एंजिनात चार सिलिंडर, ६७ मिलिमीटर व्यास आणि ४२.५ मिलिमीटर धाव अशी रचना होती. या ५९९ सी.सी.च्या एंजिनापासून मिनिटाला सुमारे १४,५०० फेऱ्यांवर १२० अश्वशक्तीच्या आसपास शक्ती मिळे. कावासाकी निंजा ६५० चे दोन सिलिंडरांचे एंजिन ६४९ सी.सी.चे, म्हणजे आर६ पेक्षा मोठे आहे. तथापि त्याची शक्ती ८,००० फेऱ्यांवर ६८ अश्वशक्ती इतकीच आहे.

यावरून दुसरे एंजिन कमी प्रतीचे आहे असे मात्र समजू नये. दोहोंचा कमाल पीळ जवळजवळ सारखाच आहे. फरक इतकाच, की निंजाचा पीळ ६,७०० फेऱ्यांच्या सुमारास मिळतो, तर आर६ ला त्यासाठी १०,५०० फेऱ्यांपर्यंत जावे लागते. गावातील रहदारीत एंजिन बहुधा चारपाच हजार फेऱ्यांवर चालते. तेथे कागदावर दुबळे दिसणारे एंजिनच चालकाच्या अधिक उपयोगी पडते.

शर्यतींचा धडा

१९४९ साली मोटारसायकल शर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हा एकट्या स्वाराच्या वाहनांचे १२५, २५०, ३५० व ५०० सी.सी. असे चार वर्ग करण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथील बुद्ध शर्यतपथावर ही स्पर्धा भरली, तेव्हा तेथेही तीन वर्ग धावले : एका सिलिंडरचे २५० सी.सी., तीन सिलिंडरांचे ७६५ सी.सी. आणि सर्वांत वरचे १,००० सी.सी.

या वर्गांतून स्वार पायरीपायरीने वर चढतात, ही गोष्ट सामान्य ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इटलीचा व्हॅलेंतिनो रॉसी १९९७ साली १२५ सी.सी. वर्गात, १९९९ साली २५० सी.सी. वर्गात आणि २००१ साली ५०० सी.सी. वर्गात जगज्जेता झाला. लहान एंजिनाच्या वाहनावर वळणात वेग कसा राखावा आणि ब्रेक केव्हा लावावा, हे शिकावेच लागते. कारण तेथे गमावलेला वेग भरून काढण्यास जादा शक्ती नसते. मोठ्या एंजिनावर स्वाराच्या चुका शक्तीच्या आड झाकल्या जातात, आणि झाकलेली चूक सुधारली जात नाही.

शक्ती वाढली म्हणून वेग किती वाढतो?

वाहन वेगाने जाऊ लागले, की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच वेग दुप्पट करावयाचा असेल, तर सुमारे आठपट शक्ती हवी.

१५५ सी.सी.च्या यामाहा आर१५ ची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती असून तिचा कमाल वेग ताशी १४० किलोमीटरांच्या आसपास आहे. ९९८ सी.सी.च्या आर१ ची शक्ती सुमारे २०० अश्वशक्ती, म्हणजे अकरा पट आहे. तिचा कमाल वेग मात्र ताशी सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे दुपटीहून थोडासाच अधिक! याच नियमाने पाहता ताशी ८० किलोमीटर वेग राखण्यास सुमारे ५ अश्वशक्तीच पुरते.

केंद्र शासनाने २०१८ साली चौपदरी महामार्गांवर मोटारसायकलींसाठी ठरविलेली कमाल मर्यादाही ताशी ८० किलोमीटरच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाही. आर१ सारखे वाहन ही मर्यादा पहिल्याच गिअरमध्ये ओलांडते, आणि उरलेले पाच गिअर रस्त्यावर केवळ शोभेचे ठरतात.

मग मोठ्या एंजिनाचा उपयोग कोणता? मागे माणूस व सामान असता घाट चढताना, मालमोटारीला चटकन ओलांडताना किंवा दिवसभर महामार्गावर चालताना शक्तीचा साठा हाताशी असणे सुखाचे असते. एंजिन धापा न टाकता कमी फेऱ्यांवर चालते व कंपही कमी जाणवतात. हा लाभ खरा आहे. परंतु त्यासाठी दोनशे अश्वशक्ती लागत नाही.

वजन आणि थांबण्याचे अंतर

शक्तीचा विचार वजनावाचून अपुरा असतो. ७० किलोग्रॅम वजनाचा स्वार धरून हिशेब केल्यास दर १०० किलोग्रॅममागे आर१५ ला सुमारे ९, आरसी ३९० ला १८, निंजा ६५० ला २६, तर आर१ ला ७४ अश्वशक्ती मिळते. या शेवटच्या वाहनावर उजव्या हाताच्या मुठीची किंचितशी अनवधान पिरगळही मागच्या चाकाची पकड सोडविण्यास पुरेशी होऊ शकते. ओल्या रस्त्यावर, वाळू पसरलेल्या वळणावर किंवा अचानक आडव्या आलेल्या गुरापुढे असा प्रसंग आला, तर तो सावरण्यास वेळ मिळत नाही.

थांबण्याचे अंतर एंजिनाच्या आकारावर अवलंबून नसून वेगावर असते. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटारसायकल सुमारे ३७ मीटरांत थांबते. ताशी १२० किलोमीटर वेगाला सुमारे ११३ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला असता अंतर तिप्पट होते. मोठे एंजिन हा वेग नकळत गाठून देते. मात्र थांबण्यासाठी लागणारे अंतर ते कमी करीत नाही. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना चाक घसरू न देणारी एबीएस ही ब्रेक योजना सक्तीची झाली. ती अवश्य असावी, परंतु पदार्थविज्ञानाचे नियम तिलाही बदलता येत नाहीत.

इतर देशांत आणि आपल्याकडे

युरोपीय संघात १९ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ‘ए-२’ परवाना असलेल्या चालकास ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतचीच मोटारसायकल चालविता येते. दर किलोग्रॅममागे ०.२ किलोवॅट अशी वजनाची अटही त्यास जोडलेली आहे. तेथे घनमानाऐवजी शक्ती व वजन पाहिले जाते, हे विशेष होय. जपानमध्ये साधा परवाना ४०० सी.सी.पर्यंतच चालतो, म्हणूनच तेथील कारखान्यांनी या मापाच्या स्पोर्ट मोटारसायकली मोठ्या प्रमाणावर बनविल्या.

भारतात गिअर असलेल्या मोटारसायकलीचा परवाना १०० सी.सी.ला व १,००० सी.सी.ला एकच आहे. कायद्याने येथे पायऱ्या घातलेल्या नाहीत. त्या ग्राहकाने स्वतःच घालून घ्यावयाच्या आहेत.

करआकारणीत मात्र घनमानाला महत्त्व आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, तर त्यावरील दुचाकींवर ४० टक्के झाला. त्याखेरीज मोठ्या एंजिनाबरोबर रुंद टायर, अधिक पेट्रोल, विम्याचा वाढता हप्ता आणि रहदारीत पायाला जाणवणारी एंजिनाची उष्णता हेही सारे ओघाने येते.

निवड कशी करावी?

रोजचा प्रवास गावातला असेल आणि चालक नवा असेल, तर १५० ते २०० सी.सी.चे वाहन त्यास पुरेसे होते. त्यावर दोन पावसाळे निर्धास्तपणे काढल्यानंतर आणि महामार्गावरील प्रवास वाढल्यास ३०० ते ४०० सी.सी.चा विचार करावा. आपल्या बहुतेक रस्त्यांवर या वाहनांची शक्ती पूर्णपणे वापरली जाण्याचे प्रसंगही थोडेच. लांबचे प्रवास वारंवार करणाऱ्या अनुभवी चालकास दोन सिलिंडरांचे ६५० सी.सी.चे एंजिन सोयीचे पडते. चार सिलिंडरांची ६०० सी.सी.ची आणि त्यांहून मोठी १,००० सी.सी.ची यंत्रे मूलतः शर्यतपथासाठी आहेत. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरजवळील कारी किंवा ग्रेटर नोएडातील बुद्ध येथेच त्यांचे खरे सामर्थ्य अनुभवावे.

वाहनाचे माहितीपत्रक हाती घेतल्यावर घनमानाबरोबर चार आकडे पाहावेत : कमाल शक्ती, ती किती फेऱ्यांवर मिळते, कमाल पीळ किती फेऱ्यांवर मिळतो, आणि एकूण वजन. त्यानंतर वाहनावर बसून दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात काय, आणि एंजिन बंद असता ते एकट्याने मागे ढकलता येते काय, हे पाहावे. चांगले शिरस्त्राण, हातमोजे आणि बूट यांचा खर्च वाहनाच्या किमतीतच धरावा. त्यामुळे वाहनाचे घनमान एक पायरी खाली उतरले, तरी सौदा फायद्याचाच ठरेल.

सी.सी.चा आकडा सिलिंडरमधील जागा मोजतो. चालकाचे कौशल्य, रस्त्याची अवस्था आणि घरी वाट पाहणाऱ्या माणसांची काळजी यांचे मोजमाप त्यात नसते. ज्या एंजिनाची सर्व शक्ती चालकाला आपल्या रस्त्यावर, आपल्या ताब्यात ठेवून वापरता येते, तेच त्याच्यासाठी योग्य मापाचे एंजिन होय.