संबंधांचे जाळे आणि साथीचा वेग
लेखमाला : साथी आणि समाज | लेखांक ११

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजाराची साथ वाढेल की ओसरेल, हे तीन गोष्टींवर ठरते. एका संबंधात संसर्ग होण्याची शक्यता किती, ठरावीक काळात माणसाचे नवे जोडीदार किती आणि बाधित व्यक्तीकडून इतरांना किती काळ संसर्ग होऊ शकतो. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे एका बाधितामुळे होणाऱ्या नव्या बाधितांची संख्या. ती एकापेक्षा जास्त असेल तर साथ फैलावते, एकाखाली गेली की मावळू लागते. निरोध पहिला घटक कमी करतो, वेळेवर झालेले निदान आणि उपचार तिसरा. दुसरा घटक मात्र समाजातल्या स्त्री-पुरुषांच्या प्रत्यक्ष वागण्याचा आहे आणि तो समजून घेणे सर्वांत अवघड असते.

सरासरीपलीकडे

जोडीदारांची सरासरी संख्या कमी असलेल्या समाजातही साथ टिकून राहू शकते. स्वीडनमध्ये १९९६ साली २,८१० व्यक्तींच्या पाहणीतून मिळालेल्या माहितीचे विश्लेषण २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे जोडीदार मोजके होते. थोड्या व्यक्तींचे मात्र पुष्कळ. अशा विषम वाटणीत सरासरीचा आकडा फारसे काही सांगत नाही. ज्या व्यक्तीचे जोडीदार अधिक, तिला संसर्ग होण्याची शक्यता अधिक आणि तिच्याकडून तो पुढे जाण्याचीही. हर्बर्ट हेथकोट आणि जेम्स यॉर्क यांनी परम्याच्या साथीचा गणिती अभ्यास करताना हेच दाखवून दिले होते. लोकसंख्येतला एक छोटा गाभा-गट साथ जिवंत ठेवतो. त्या गटापर्यंत उपचार पोहोचले, तर संपूर्ण समाजातला संसर्ग घटतो.

जोडीदार कोणत्या क्रमाने येतात, यालाही महत्त्व आहे. एक नाते संपल्यावर दुसरे सुरू झाले, तर संसर्ग आधीच्या जोडीदाराकडून नंतरच्याकडेच जाऊ शकतो. दोन नाती एकाच काळात चालू असतील, तर तो दोन्ही दिशांना जातो आणि लवकर जातो. एचआयव्हीच्या बाबतीत हा फरक विशेष घातक ठरतो, कारण संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार जास्त असते. नेमक्या त्याच काळात बाधित व्यक्तीला आपल्या संसर्गाची कल्पना नसते.

पुण्यातील धडा

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नईत मिळाला. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने गोळा केले. तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. त्यानंतरची काही वर्षे हा आजार ‘तसल्या’ लोकांचा, असा समज सर्वत्र होता.

तो समज पुण्यात झालेल्या एका अभ्यासाने खोडून काढला. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या बाधित होत्या. हा व्यवसाय न करणाऱ्या स्त्रियांमध्येही प्रमाण १३.६ टक्के निघाले. यांतल्या बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. १९९७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुप्तरोग दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांवरून सर्व समाजाचे प्रमाण काढता येत नाही, पण संसर्गाची वाट त्यातून स्वच्छ दिसली. या स्त्रियांचा धोका त्यांच्या वागण्याने ठरलेला नव्हता, तो पतीच्या वागण्याने ठरला होता. सार्वजनिक आरोग्यात अशा पुरुषांना सेतुगट म्हणतात. गाव सोडून महिनोन्‌महिने शहरात राहणारे कामगार, लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांचा त्यात समावेश होतो, आणि त्यांच्या वागण्यामागे घरापासून तुटलेले जगणे असते. एकनिष्ठ राहण्याचा उपदेश त्यांच्या पत्नींना करून काहीच साधणार नव्हते. निरोध वापरण्याचा आग्रह धरण्याइतके बळ घरात पत्नीच्या शब्दाला होते का, हा खरा प्रश्न होता.

मोजणी कशी होते

लैंगिक वर्तनाची माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही आणि विचारण्याला विरोध होतो. ब्रिटनमधील राष्ट्रीय पाहणीसाठी १९८९ साली तिथल्या सरकारने पैसा नाकारला. वेलकम ट्रस्टच्या मदतीने ती १९९०-९१ मध्ये पार पडली आणि सुमारे १९ हजार लोकांनी उत्तरे दिली. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे प्रश्न स्त्री-पुरुषांना वेगवेगळे, एकांतात विचारले जातात. २०१९-२१ च्या पाहणीत आयुष्यभरातील जोडीदारांची सरासरी पुरुषांमध्ये २.१ आणि स्त्रियांमध्ये १.७ आली. प्रत्येक संबंधात दोघे असतात, म्हणजे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. तेव्हा या दोन आकड्यांतील अंतराचा एक भाग सांगण्यातल्या संकोचाचा असतो, तर एक भाग घरोघरच्या पाहणीत शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया फारशा येत नाहीत याचा. हा संकोच टाळण्यासाठी कर्नाटकात मतदानाप्रमाणे गुप्त चिठ्ठ्या पेटीत टाकण्याची पद्धत वापरली गेली. समोरासमोर न सांगितलेल्या अनेक गोष्टी त्या चिठ्ठ्यांतून कळल्या.

नीट मोजणीने देशाचे चित्रच बदलले. सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या तपासणीवरून देशात ५० लाखांहून अधिक एचआयव्हीबाधित असल्याचा अंदाज होता. २००५-०६ च्या पाहणीत प्रथमच घरोघरी रक्ततपासणी झाली. १५ ते ४९ या वयोगटात प्रमाण ०.२८ टक्के आढळले. त्यामुळे २००७ मध्ये राष्ट्रीय अंदाज सुमारे २५ लाखांवर आला.

उपाय कुठे लागू पडले

थायलंडमधील रत्चबुरी प्रांतात १९८९ साली एक नियम लागू झाला : सर्व कुंटणखान्यांत निरोध सक्तीचा. नियम सगळीकडे सारखाच असल्याने नकार मिळालेल्या ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची सोय उरली नाही आणि एकट्या स्त्रीला हुज्जत घालावी लागली नाही. १९९१ मध्ये तो देशभर नेण्यात आला. अशा संबंधांतील निरोधाचा वापर १९८९ मधील सुमारे १४ टक्क्यांवरून १९९३ पर्यंत सुमारे ९४ टक्क्यांवर गेला. पुरुषांमधील गुप्तरोगांत मोठी घट झाली.

भारतात वेगळा मार्ग निघाला. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ साली सुरू केलेल्या प्रकल्पात वस्तीतल्या स्त्रियाच आरोग्यशिक्षिका झाल्या. त्याच वर्षी सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था उभी राहिली. तिच्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद निघाली. निरोध वाटणे, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणे, पोलिसांच्या त्रासाविरुद्ध उभे राहणे ही कामे या स्त्रियांनी स्वतः केली. छाप्यांच्या भीतीने वस्ती पांगली, तर तिथे पोहोचलेली आरोग्यसेवाही पांगते. सन्मानाने वागवलेली स्त्री मात्र ग्राहकाला निरोधाशिवाय नाही म्हणू शकते. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत १५ ते २४ वयाच्या गरोदर स्त्रियांमधील एचआयव्हीचे प्रमाण २००० साली १.७ टक्के होते, ते २००४ मध्ये १.१ टक्क्यांवर आले. थोड्या वस्त्यांत झालेल्या कामाचा लाभ त्या वस्त्यांशी ओळखही नसलेल्या नवविवाहित मुलींना मिळाला, असा या घटीचा अर्थ लावला जातो.

उपचार हाही प्रतिबंध

१ एप्रिल २००४ पासून भारतात एचआयव्हीला आवर घालणारी एआरटी औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. एक जोडीदार बाधित असलेल्या १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात पुणे आणि चेन्नई ही केंद्रेही होती. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढील संशोधनातून आणखी स्पष्टता आली : औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. भारतात २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

या सर्वांचा पाया तपासणी हा आहे आणि बोभाटा होण्याच्या भीतीने माणसे तपासणी टाळतात. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निदान गुप्त ठेवावे लागते, आणि नोकरी, शिक्षण, घर किंवा उपचार यांत बाधित व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही. समाजाने ज्यांना दूर लोटले त्यांच्यापर्यंत दवाखाना पोहोचला, तेव्हाच समाजाचा संसर्ग घटला, हे गेल्या चार दशकांच्या अनुभवाचे सार आहे. म्हणून गुप्तता आणि सन्मान यांची गणना औषध आणि निरोध यांच्या बरोबरीने प्रतिबंधाच्या साधनांत करावी लागते.

(पुढील लेखांक : गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि एचपीव्ही लस)