मुलांआधी बाईंना रानात न्या

लहान मुलांनी निसर्गाच्या सान्निध्यात शिकावे, या विधानाशी असहमत होणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. बालवाड्यांच्या माहितीपत्रकांवर हिरवी पाने असतात, वर्षातून एकदा सहल निघते, वाटीत मोहरी पेरून अंकुरही दाखवले जातात. प्रश्न उभा राहतो तो मुले खरोखर मोकळ्यावर उतरल्यानंतर. चार वर्षांचे मूल ओल्या मातीत बसकण मारते आणि बाईंच्या तोंडून आपसूक निघते, "ऊठ, कपडे खराब होतील." ते झाडाच्या बुंध्याशी हात नेते, तर "नको, किडा चावेल!"

यात बाईंना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचे बहुतेक सारे प्रशिक्षण चार भिंतींत झालेले असते. फळा, तक्ते, पाठ टाचण, आणि फार तर पुठ्ठ्याचे एक झाड! मोकळ्यावर जिला स्वत:लाच अवघडल्यासारखे होते, ती शिक्षिका मुलांना बाहेर नेते म्हणजे वर्गच उचलून बाहेर नेते. सतरंजी, रांग, हाताची घडी, तोंडावर बोट. फक्त डोक्यावर छप्पर नसते. म्हणूनच ज्या देशांत हा विचार मुरला, तिथे भर मुलांच्या सहलींवर राहिला नाही. तो शिक्षकांच्या तयारीवर गेला.

डेन्मार्कमध्ये रानातल्या बालवाड्यांची सुरुवात १९५०च्या दशकातली. १९९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिजवॉटर कॉलेजच्या बालसंगोपन विभागातील मंडळी तिथे गेली. मुले पावसापाण्यात तासन्‌तास बाहेर राहतात, झाडावर चढतात, चाकूने काटक्या तासतात, आणि मोठी माणसे थोड्या अंतरावरून पाहत असतात, हे दृश्य त्यांना नवे होते. परतल्यावर त्यांनी 'फॉरेस्ट स्कूल' या नावाने तसाच प्रयोग सुरू केला आणि पुढे शिक्षकांसाठी अभ्यासक्रमही आखला. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये या कामाची स्वतंत्र संघटना उभी राहिली. तिच्या तत्त्वांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: मुलांनी त्याच जागी पुन्हा पुन्हा, शक्यतो दर पंधरवड्याला तरी जावे, आणि हे काम खास प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करावे.

या प्रशिक्षणात शिकवतात काय? पहिले काही दिवस प्रशिक्षणार्थी स्वत: रानात राबतात. दोरीच्या गाठी मारून आडोसा उभारणे, विस्तव पेटवणे आणि तो पुरता विझवणे, करवत व चाकू मुलाच्या हाती कसा द्यायचा, झाडे आणि बुरशा ओळखणे, उघड्यावरचे प्रथमोपचार. मुले रोज वावरल्याने जमीन तुडवली जाते, रोपे मरतात. त्या जागेला विसावा कसा द्यायचा, हेही त्यात येते. त्यानंतर त्यांनी मुलांच्या गटाबरोबर काही आठवडे सत्रे घ्यायची, नोंदी ठेवायच्या आणि मग प्रमाणपत्र.

यातला सर्वांत मोलाचा भाग धोक्याविषयीचा आहे. आपल्याकडे धोका दिसला की तो दूर करायचा, एवढेच माहीत असते. इथे शिक्षकाला दोन बाजू मांडायला लावतात. बुटक्या फांदीवर चढण्यात पडण्याचा धोका किती, खाली जमीन कशी आहे, आणि चढल्याने मुलाला तोल, पकड, स्वत:च्या ताकदीचा अंदाज यांपैकी काय मिळेल? मग "पडशील!" असे ओरडण्याऐवजी "आता पाय कुठे ठेवशील?" असे विचारण्याची सवय लावली जाते. ऐकायला सोपे वाटते. पण ती सवय पुस्तक वाचून लागत नाही. झाडाखाली उभे राहून, छातीतली धडधड सोसूनच ती लागते.

हे सारे परदेशी फॅड आहे, असे वाटणाऱ्यांनी नकाशात डहाणू तालुका पाहावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५०च्या दशकात हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथली वारली मुले शाळेत येत नसत. कोणी गुरे राखी, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी. तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरे चरत होती त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. मग परिसरातले खडे, शिंपले, बिया आणि पाने यांचीच साधने झाली.

ताराबाई-अनुताईंकडे पाहताना आपण त्यांचा त्याग आठवतो आणि नमस्कार करून मोकळे होतो. त्यांची पद्धत मात्र नजरेआड होते. कुरणात शिकवणाऱ्या शिक्षिकेला गवत, गुरे, पाऊस आणि मुलांची बोली यांच्याशी जुळवून घ्यावेच लागे. कामाची जागा हीच तिची प्रशिक्षणाची जागा होती. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागेच राहिले. आज शहरातली अंगणवाडी म्हणजे बहुधा एक खोली असते आणि सेविका वजनाच्या नोंदींत व मोबाइलवरच्या माहितीत बुडालेली असते.

अर्थात ब्रिटनमधला अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपल्याकडच्या बाईला विस्तव पेटवायला शिकवण्याची गरज क्वचितच असेल! तिला वेगळ्या गोष्टी ठाऊक हव्यात. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मुले हमखास वेचतात. त्या चावल्या गेल्या तर जिवावर बेतू शकते. बिट्टीचे, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे फळही विषारीच. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. खाजकुइलीच्या शेंगा आणि शेवग्यावरचे केसाळ सुरवंट लांबूनच ओळखता यायला हवेत. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की झाडाखालचा गट तत्काळ पक्क्या इमारतीत न्यायचा. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही. मुलाला शांत ठेवून, चालू न देता थेट रुग्णालय गाठायचे. एप्रिलमध्ये सत्र सकाळी लवकर, आणि जवळ पाणी. हे कळले की भीती नाहीशी होत नाही. पण ती नेमक्या जागी बसते, आणि बाकीचे रान मुलांसाठी मोकळे होते.

मोकळे झाल्यावर काय होते? बेल, पळस आणि पांगारा या तिन्ही झाडांचे पान त्रिदळी. ही पाने हाती दिली तर मुले 'तीन' ही संख्या शिकतातच, शिवाय कोणते खरखरीत, कोणते मोठे, कशाला वास येतो, यावर बोलू लागतात. चिंचोके आणि सागरगोटे यांची वर्गवारी, चढत्या क्रमाने काटक्या लावणे, डबक्यातले पाणी रोज किती ओसरले ते काठीने मोजणे, हे सारे अंकगणितच आहे. पण ज्या बाईंनी स्वत: पळस आणि पांगारा कधी शेजारी ठेवून पाहिला नाही, त्यांना हा पाठ सुचणार कसा?

शहरात रान आणायचे कुठून, ही अडचण खरी आहे. तितकी मोठी मात्र नाही. पुण्याला टेकड्या आहेत, मुंबईत महापालिकेची उद्याने आहेत, आणि काहीच नसेल तर आवारातला एक पिंपळ पुरतो. तोच पिंपळ आषाढात, मार्गशीर्षात आणि पालवी फुटताना पाहणे हे दहा ठिकाणच्या सहलींपेक्षा अधिक शिकवते. कपडे मळल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना काय सांगायचे, याचाही सराव प्रशिक्षणात हवा. शिक्षिकेची माघार पुष्कळदा तिथेच होते.

आता थोडे धोरणाविषयी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी २०२४ मध्ये 'आधारशिला' हा राष्ट्रीय अभ्यासक्रमही आला आणि त्यात खेळावर भर आहे. हे स्वागतार्हच. पण धोरणाने प्रशिक्षणाची वाट दाखवली आहे ती दूरशिक्षणाची, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या मार्गाने. लाखो सेविकांपर्यंत पोचायचे तर हे समजण्यासारखे आहे. तरीही मातीत हात कसा घालावा, हे पडद्यावर पाहून शिकता येत नाही.

त्याच धोरणात एक फट आहे, आणि ती उपयोगाची आहे. समूह साधन केंद्राने महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. वर्षाला बारा दिवस झाले. हे बारा दिवस सभागृहातल्या खुर्च्यांवर न घालवता जवळच्या टेकडीवर, नाल्याकाठी किंवा उद्यानात घेतले, तर वेगळा निधी लागणार नाही आणि तिन्ही ऋतू पाहून होतील. मात्र त्यासाठी आधी केंद्रप्रमुखांना आणि तज्ज्ञ मार्गदर्शकांना पायात चपला अडकवून बाहेर पडावे लागेल, आणि त्यांच्या प्रशिक्षणात आज झाडांचा विषय नावालाही नसतो.